दादाच्या गाडीतली ओल

गाडीत ओल शिरली की आधी बारीकसारीक गोष्टी बिघडतात. इंजिन चालू होतं, ब्रेक लागतात, पण वायपर मनाला येईल तेव्हा फिरतो, ब्रेक दाबला की आतला दिवा लागतो, आणि काच खाली करायला जावं तर हॉर्न वाजतो. मालक घाबरून माझ्याकडे येतात आणि आवाज खाली आणून सांगतात, की गाडी आपली आपण काहीबाही करते. मी म्हणतो, गाडी काही करत नाही, पाणी करतं. तुम्ही त्या बाकावर बसा आणि मध्ये बोलू नका.

आमचं गाव तळ्याच्या काठावर आहे. वर्षातले सात-आठ महिने पहाटे तळ्यावरून धुकं उठतं, सावकाश रस्त्यात येतं आणि अकरा वाजले तरी हलायचं नाव घेत नाही. समोरून येणारा माणूस ओळखीचा आहे की नाही, हे तो खोकल्याशिवाय कळत नाही. अशा गावात गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करणारा माणूस उपाशी मरत नाही. सव्वीस वर्षं झाली, लोक मला ओलीचा डॉक्टर म्हणतात. बायको म्हणते, डॉक्टर पेशंटशी निदान बरं बोलतात.

माझं काम म्हणजे पाण्याचा माग काढणं. पावसाचं पाणी आत आलं तर मातीची बारीक रेघ मागे ठेवून येतं. हीटरच्या नळीतलं पाणी बोटांत चिकटतं. दाराचं रबर गेलंय का ते बघायला मी रबरावर टाल्कम पावडर लावतो, दार लावून बाहेरून नळीनं पाणी सोडतो. दार उघडलं की पावडरीत पाण्याची वाट उमटलेली असते. त्यामुळे माझ्या अंगाला कायम पावडरीचा वास येतो. नवीन आलेल्या गिऱ्हाइकाला वाटतं, घरात तान्हं बाळ आहे.

आणि माझी एक पद्धत आहे. गाडी आली की मी आधी ती सुकवतो. दोन मोठे दिवे, एक पंखा, चारी दारं सताड उघडी. ओल्या जोडावर टेस्टर वाट्टेल ते दाखवतो, म्हणून आधी सुकवायचं आणि मग शोधायचं. सव्वीस वर्षं ही पद्धत मी सगळ्यांना छाती फुगवून सांगत आलो. दादाच्या गाडीनं तीच माझ्या अंगाशी आणली.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. घड्याळजी आहे. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं दुकान, भिंतीवर चाळीसेक घड्याळं, आणि मधोमध स्टुलावर डोळ्याला भिंग लावून बसलेला दादा. वहिनी गेल्याला दहा महिने होत आले होते. त्या दहा महिन्यांत तो कधी रडला नाही, कुणाकडे जेवायला आला नाही, कधी काही मागितलं नाही. माझ्या बायकोनं डबा पाठवला की दुसऱ्या दिवशी डबा घासून, पुसून परत. अशा माणसाला विचारायचं तरी काय? मीही विचारलं नाही, आणि याची मला आज लाज वाटते.

तो पहिल्यांदा आला तो एका मंगळवारी. राखाडी निळी जुनी गाडी, तिची वायरन् वायर माझ्या हाताखालून गेलेली.

“पहाटे हॉर्न वाजतो,” तो म्हणाला. “आपोआप. शेजारी चिडलेत.”

“आणखी काय होतं?”

“वायपर फिरतो. आतला दिवा लागतो.” मग म्हणाला, “डावीकडचा इंडिकेटर चालू होतो. चावी काढलेली असली तरी. पण त्याचं काही नाही. हॉर्न तेवढा बघ.”

“माझ्याकडे अर्धी दुरुस्ती होत नाही,” मी म्हणालो.

गाडी सुकवली, जोड घासले, सगळं उघडून बंद केलं. गाडी अगदी शहाण्यासारखी वागली. दोन दिवस माझ्याकडे राहिली, हूं की चूं नाही. दादा घेऊन गेला आणि आठव्या दिवशी परत दारात. पुन्हा सुकवली, पुन्हा ठणठणीत. तिसऱ्या वेळी मी पुढच्या काचेचं रबर बदललं, पाणी जायची भोकं तारेनं साफ केली, पावडरीचा अख्खा डबा संपवला. वाट कुठंच उमटली नाही. माझं डोकं फिरलं. वाटलं, तळ्यावर नेऊन सोडावी ही गाडी.

“छताचं कापड कुबट झालंय,” मी दादाला म्हणालो. “फाडून नवं लावतो.”

“छताला हात लावायचा नाही,” दादा म्हणाला.

त्याचा आवाज चढला होता. पन्नास वर्षांत मी त्याचा चढलेला आवाज दोनदा ऐकलाय. मी पक्कड खाली ठेवली आणि मुकाट्यानं दुसरं काम घेतलं.

त्याच आठवड्यात पुतणीचा फोन आला. दादाची एकुलती एक. दूरच्या शहरात मोठ्या हॉस्पिटलात नर्स आहे, बरेचदा रात्रपाळी करते. पाळी संपली की पहाटे साडेपाचला ती बापाला फोन करते. दादा पाचला उठून घड्याळांना चावी देणारा माणूस, त्यामुळे घरातला तारेचा फोन पहिली रिंग पुरी व्हायच्या आत उचलायचा. वर्षानुवर्षं दोघांचं असंच चाललं होतं. मोबाइल त्यानं एकदा घेतला होता, तो स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला असतो आणि तिथंच म्हातारा होतोय.

“काका, हल्ली बाबा पहाटे फोन उचलत नाहीत,” ती म्हणाली. “सात वाजेपर्यंत नाही म्हणजे नाहीच. विचारलं तर म्हणतात, ऐकू आला नाही. चाळीस घड्याळांचे टोल ऐकू येतात आणि फोन ऐकू येत नाही?”

“झोप लागत असेल.”

“त्यांना? काका, रोज दीड तास मी जीव मुठीत धरून बसते. आई गेली तेव्हाही मी इथंच होते. मला हे पुन्हा नाही जमणार. येत्या रविवारी मी येते आणि त्यांना घेऊन जाते. घराला कुलूप. गाडी काय, विकून टाका.”

मी दादाला हे सांगितलं तेव्हा तो एका घड्याळाचं पोट उघडून बसला होता. वर न बघता त्यानं चिमट्यानं एक चाक उचललं.

“सहाव्या मजल्यावर मी काय करू?” तो म्हणाला. “तिच्याकडे एकच घड्याळ आहे, तेही सेलवरचं.” मग चिमटा खाली ठेवून म्हणाला, “मला इथून हलवू नका रे. एवढं कर माझं.”

एवढं कर म्हणजे काय करू, हे त्यानं सांगितलं नाही. मला वाटलं, गाडी धड झाली, शेजारी गप्प झाले की निदान एक तक्रार कमी होईल. म्हणून गुरुवारी मी गाडी चौथ्यांदा आणली आणि ठरवलं की आता हिचा सोक्षमोक्ष लावायचा.

गुरुवारी धुकं हटलंच नाही. दुपारचे दोन वाजले तरी वर्कशॉपच्या दारात ते उभं होतं, आत यावं की नाही असा विचार करत असल्यासारखं. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. सकाळी मी चारी पायपुसण्यांखाली वर्तमानपत्रं घातली होती, ती काढून बघितली. चारही सारखीच दमट. पाणी एका बाजूनं येत असेल तर एक कागद भिजतो आणि तीन कोरडे राहतात. हे पाणी कुठूनच आलेलं नव्हतं. मातीची रेघ नाही, चिकटपणा नाही, वास नाही. स्वच्छ, गोडं पाणी. सव्वीस वर्षांत असं पाणी मी बघितलं नव्हतं.

मी ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसलो. विचार करायचा होता आणि पंख्याची घरघर नको होती, म्हणून दिवे-पंखा बंद केला आणि चारी दारं लावून घेतली. आत उबदार होतं. सीट माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त मागे कलली, जणू तिला तिथंच जायची सवय होती. बाहेर पांढरं, आत पांढरं. मी डोळे मिटले, फक्त क्षणभर म्हणून.

मी गाडी चालवत होतो. रस्ता होता की तळं होतं ते दिसत नव्हतं, चाकांचा आवाज येत नव्हता. डावीकडच्या सीटवर वहिनी होती, अंगावर तिची जाड करडी शाल. वहिनीला गाडी येत नव्हती पण रस्ते सांगायची भारी हौस. आणि सांगायची ते एकच. अहो, डावीकडे घ्या. उजवीकडे जायचं असलं तरी आधी डावीकडे घ्या. आम्ही तिला त्यावरून किती चिडवायचो. स्वप्नातही ती तेच म्हणत होती, हळू, अर्धवट झोपेत. डावीकडे घ्या. मी वळत होतो आणि प्रत्येक वळणावर एक घर येत होतं, त्याच्या खिडकीत दिवा असायचा आणि टिकटिक ऐकू यायची, मग घर मागे जायचं आणि टिकटिक बरोबर यायची. मला कुठं पोचायचं नव्हतं. तिला झोप लागली होती, म्हणून मी चालवत राहिलो.

जाग आली तरी टिकटिक चालूच होती.

समोर हिरवा बाण उघडझाप करत होता. डावीकडचा इंडिकेटर. चावी माझ्या खिशात होती. मी हललो नाही. सगळ्या काचा आतून पांढऱ्या झाल्या होत्या, आणि काचेच्या वरच्या कडेला जमलेले थेंब एकेक करत खाली उतरत होते. एक थेंब डाव्या खांबावरून निघाला, दाराच्या कडेनं गेला, आणि जिथं सगळ्या वायरी एकत्र येतात त्या पेटीच्या दिशेनं नाहीसा झाला. पाठोपाठ दुसरा. थोड्या वेळानं वायपर एकदा कण्हल्यासारखा फिरला आणि थांबला.

चार आठवडे दिवे लावून, पंखे लावून, पावडर फासून जे झालं नव्हतं, ते दीड तास झोपून झालं. या गाडीला पाऊस नको होता, धुकं नको होतं. तिच्यात माणूस झोपायला हवा होता. बंद काचांत रात्रभर श्वास घेणारा माणूस. आणि मी मूर्ख, दर वेळी आधी त्याचा श्वास सुकवून टाकत होतो आणि मग पाणी कुठून येतं म्हणून शोधत होतो.

मी वर बघितलं. माझ्या डोक्यावर छताच्या कापडाला एक दमट, काळपट डाग होता, ताजा. आणि डावीकडच्या सीटच्या वर दुसरा. तो जुना होता, कडेनं पिवळा पडलेला, वाळलेला. कितीतरी महिन्यांत त्याला नवं पाणी मिळालं नव्हतं.

छताला हात लावायचा नाही.

मला रडू आलं. वर्कशॉपात एकटा बसून, बाण टिकटिकत असताना, मी लहान पोरासारखा रडलो. मग नाक पुसून दार उघडलं.

संध्याकाळी दादाकडे गेलो. तो एका मनगटी घड्याळात वाकून बघत होता.

“सापडलं,” मी म्हणालो.

“कुठून येतं पाणी?”

“तुझ्या नाकातोंडातून.”

त्यानं डोळ्यावरचं भिंग काढलं, पुसलं, डबीत ठेवलं. डबी मिटली. भिंतीवरची घड्याळं आपापल्या वेळेनं चालत होती.

“कधीपासून झोपतोस गाडीत?” मी विचारलं.

“ती गेल्यापासून.” मग म्हणाला, “त्याच्या आधीपासून. शेवटच्या वर्षी तिला आडवं होता येत नव्हतं, दम लागायचा. पलंगावर उशांना टेकून बसायची आणि रात्रभर माझ्या घड्याळांचे टोल मोजायची. मी सगळी बंद केली, तर म्हणाली, आता जास्तच जाग येते. एकदा डॉक्टरांकडून येताना गाडीत झोपली. गाडी घरामागच्या शेडमध्ये येऊन उभी राहिली तरी उठली नाही. उठवायचं माझ्या जिवावर आलं. मीही तसाच बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी तिनंच विचारलं, आपण गाडीत जायचं का झोपायला? मग रोजच जायला लागलो. सीट अर्धी पाडायची, शाल घ्यायची. ती झोपायची आणि मी तिचा श्वास ऐकत जागा राहायचो.”

“सांगितलं का नाहीस?”

“काय सांगायचं? बायकोला घेऊन शेडमध्ये झोपतो म्हणून?” तो जरासा हसला. “आता मला घरात झोप लागत नाही. गाडीत लागते. घरात मी जागाच असतो रे, तिचं काही ऐकू येतंय का म्हणून.”

मला त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा होता. आमच्यात तशी पद्धत नाही. मी हात ठेवला.

“फोन शेडमध्ये ऐकू येत नाही,” मी म्हणालो. “म्हणून पोरगी घाबरलीय. एवढंच आहे ते.”

“तिला सांगू नकोस.”

“मी नाही सांगणार. तू सांगशील.”

त्यानं मान हलवली. “ती राहायला आली की सांगेन. गाडीत बसवून सांगेन.” मग त्यानं बोटांनी डबी फिरवली. “एक काम कर. हॉर्न बंद कर, वायपर बंद कर, तुला काय करायचं ते सगळं कर. पण तो डावीकडचा राहू दे. पहाटे पाचच्या सुमाराला लागतो. पाणी आहे हे मला कळतं. मी यंत्रं उघडणारा माणूस आहे, माझं डोकं फिरलेलं नाही. पण डोळे उघडायच्या आधी ते ऐकू येतं आणि वाटतं, ती म्हणतेय. ते सुरू झाल्यापासून सातपर्यंत उठवतच नाही.”

“मी तुला एक बटण बसवून देतो,” मी म्हणालो. “दाबलं की इंडिकेटर चालू. बॅटरीला त्रास नाही, कशाला त्रास नाही.”

“नको,” दादा म्हणाला. “मी चालू केलं की ते घड्याळ झालं. तशी चाळीस आहेत माझ्याकडे.”

शुक्रवारी मी दिवसभर गाडीखाली आणि गाडीत होतो. ओल बाहेर काढायचा प्रयत्न सोडून दिला. ती राहणार हे धरूनच काम केलं. प्रत्येक वायर जोडाकडे जायच्या आधी खाली आणली, तिला एक झोका दिला आणि मग वर नेली. उतरणारं पाणी त्या झोक्याच्या तळाशी येतं, थांबतं आणि गळून पडतं, जोडापर्यंत चढत नाही. हॉर्नची वायर अशी केली, वायपरची केली, दिव्याची केली, जोडांत ग्रीस भरलं. शेवटी डाव्या इंडिकेटरची वायर हातात आली. ग्रीसचा डबा मांडीवर घेऊन मी कितीतरी वेळ बसून होतो. बायको चहा घेऊन आली, माझ्याकडे बघितलं, आणि एरवी जे बोलली असती ते काहीच न बोलता कप ठेवून गेली. मी डब्याचं झाकण लावलं. ती वायर होती तशीच सरळ राहू दिली.

संध्याकाळी गाडी पोचवली आणि तिथंच दुसरं काम काढलं. घरातल्या फोनची तार मागच्या भिंतीवरून, नळाच्या बाजूनं शेडपर्यंत ओढली. गाडीच्या खिडकीच्या उंचीला एक फळी ठोकली आणि तिच्यावर जास्तीचा फोन बसवला. काच उतरवून हात बाहेर काढला की रिसीव्हर हातात.

“आणि झोपताना काच दोन बोटं उघडी ठेवत जा,” मी दादाला बजावलं. “अशी कोंडून घेऊ नकोस.”

त्यानं दोन बोटं काचेवर धरून माप बघितलं. “मग डावीकडचा लागेल?”

“लागेल. जरा उशिरा लागेल.”

शनिवारी सकाळी सहाला माझा फोन वाजला. पुतणी होती. नुसती नाक ओढत होती.

“उचलला काका,” ती म्हणाली. “पहिल्याच रिंगला. आवाज किती छान होता त्यांचा, झोपून उठलेल्या माणसाचा. म्हणाले, एवढ्यात नको नेऊस, तूच राहायला ये, तुला एक गोष्ट दाखवायचीय. मी उद्या येत नाही. पुढच्या महिन्यात रजा टाकून येते.”

“ये,” मी म्हणालो.

“पण काका, फोनमध्ये मागं काहीतरी टिकटिकत होतं.”

“घड्याळजीचं घर आहे. टिकटिकणारच.”

“नाही,” ती म्हणाली. “मी त्या घरात वाढलेय. तिथं चाळीस एकदम टिकटिकतात. हे एकच होतं.”

बाहेर धुक्यात कुणीतरी खोकत गेलं. शेडमध्ये दादा आता सीट सरळ करत असेल.

“हो,” मी म्हणालो. “तेवढं एक मी ठेवलंय.”